भिंतींना गुदगुल्या

हसण्याची मला कधी किळस येईल असं वाटलं नव्हतं. परवा आमच्या वाचनालयात एकोणिसाव्या शतकातल्या एका विनोदी लेखकाच्या पत्रांचं वाचन होतं. वाचायला एक नट बोलावला होता. पटकीत लेक गेल्यावर त्या लेखकाने मित्राला लिहिलं होतं, ‘घरांत माझ्या विनोदास हसणारी ती एकटीच होती. आतां भिंतींस गुदगुल्या करून पाहतों आहें.’

नटाने लेकीचं वाक्य गाळलं आणि व्यासपीठावरच्या भिंतीला गुदगुल्या करून दाखवल्या. सभागृह खो खो हसलं. माझ्या पुढचे गृहस्थ तोंडातला वडा न गिळताच हसत होते.

शेजारी त्या लेखकाची पणती बसली होती. वय ऐंशीच्या पुढे. काठी टेकत त्या उभ्या राहिल्या. “अहो, पोर गेल्यावर लिहिलंय ते. तेवढं सांगा की लोकांना.”

“आजी, लोक हसायला आलेत,” नट माईकवरून म्हणाला. पुन्हा हशा झाला, पहिल्याहून मोठा.

विनोदी म्हणून एकदा नाव झालं की माणसाला रडायची सोय उरत नाही. तो मेल्यावरही आपण त्याचं दुःख नळीच्या हाडासारखं चोखत बसतो.

मी बाईंना धरून व्हरांड्यात आणलं. त्यांनी पदर तोंडावर दाबला होता.

“रडू नका,” मी म्हटलं.

“रडत नाहीये हो,” त्या म्हणाल्या, “ओकारी येतेय मला.”