चौकातला फळा

कळव्याला आमच्या चौकात एक फळा आहे. साठीचा एक माणूस रोज सकाळी तो ओल्या फडक्याने पुसायचा, वाळेपर्यंत टपरीवर चहा प्यायचा आणि मग खडूने नवा टोमणा लिहायचा. कधी नगरसेवकाला, कधी रिक्षावाल्यांना. मी वाचून हसायचो.

एकदा त्याने लिहिलं, 'समोरच्या सोसायटीला टँकर लागतो, पण गाड्या मात्र रोज पाइपने धुतात.' ती सोसायटी आमची आणि पाइप धरणारा मीच. माझं डोकंच फिरलं. विटेचा तुकडा उचलून मी खाली लिहिलं, 'लिहिणारा रिकामटेकडा आहे.'

दुसऱ्या दिवशी त्याने सगळा फळा पुसला, माझी ओळ तेवढी ठेवली. फडकं तिच्या कडेकडेने फिरवलं. मला राहवेना.

"काका, ही ओळ नाही पुसली?"

"राहू दे. कुणालातरी झोंबलं म्हणून त्याने लिहिलंय. मागे एकाला झोंबलं तर त्याने फळाच फोडलेला."

मी निघालो, तसं त्याने मागून सांगितलं, "विटेने फळा खरवडला जातो हो. खडू टपरीवर असतो, मागून घेत जा."