वाडग्यावरची बोटं

भट्टीतून निघालेल्या वाडग्याच्या बुडाशी, हिरव्या झिलईत तीन तपकिरी डाग आहेत. ती माझी बोटं. झिलईत बुडवताना वाडगा जिथे धरला, तिथे झिलई चढलीच नाही. तेव्हा मी घाबरून ती जागा भरायला ब्रश उचलला होता. नववीत शाळा सोडलेल्या, जपानला कुंभारकाम शिकायला आलेल्या माझ्यासारख्याला परत पाठवायला एवढंही पुरेल, असं वाटलं.

मालकीण युकीताई हसल्या. "राहू दे रे. माझ्या आजोबांच्या वाडग्यांवर त्यांची बोटं आहेत, माझ्या वाडग्यांवर माझी. हा काय स्वतःच उडी मारून झिलईत पडला?"

आज त्यांनी त्याच वाडग्यात चहा घेतला. त्यांची बोटं आपसूक माझ्या खुणांवर बसली. उद्या तो कुणा परक्याच्या घरी जाईल. तो माणूस मला ओळखणार नाही, पण रोज सकाळी माझा हात धरील.