चंद्रीच्या दावणीतलं गवत

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. झोपेत बडबडायची सवय आहे मला, पण झोपेतसुद्धा हे तोंडून निघालं नसावं — निघालं असतं, तर तिनं सकाळच्या चहाबरोबरच विचारलं असतं. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही आत्तीला ओळखत नाही, म्हणून असेल.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लवकर विधवा झाली आणि माहेरी आली. अजूनही आमच्या घरामागच्या खोलीत राहते. मूलबाळ नाही. फौजेतून मी सुट्टीवर यायचो, तेव्हा आईच्याही आधी ती फाट्यावर येऊन उभी असायची. तिचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं — चंद्री नावाची म्हैस. कपाळावर पांढरा ठिपका, आणि आत्तीशिवाय कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही.

फौजेत शेवटची काही वर्षं मेससमोरचं लॉन माझ्याकडं होतं. ते काम मला मनापासून आवडायचं. रिटायर होऊन मिरजेजवळच्या आमच्या गावी आलो आणि तोच धंदा काढला. मिरजेत डॉक्टर उदंड, त्यांचे बंगले उदंड, बंगल्यांपुढं लॉन. एक मशीन घेतलं, एक जुना टेम्पो घेतला. गाव पोट धरून हसलं. पारावर एकानं विचारलंच, "मिल्ट्रीत जाऊन गवत कापाय शिकलास व्हय रं, गड्या?" मी टेम्पोकडं वळलो. पण आत्ती तिथूनच चालली होती. थांबली आणि म्हणाली, "माझ्या भाच्याचं गवत डाक्टर लोकं खुर्च्या टाकून बगत बसत्यात. तुमचा ऊस बगाय कोण येतंय का?"

कापलेलं गवत मी फेकून देतो हे कळलं, तेव्हा मात्र ती माझ्यावर खवळली. खरंच खवळली. ताटातली भाकरी उकिरड्यावर टाकावी, तसं वाटलं तिला. त्या दिवसापासून गवताची पोती घरी यायला लागली. टेम्पो थांबला की ती स्वतःच ओढून न्यायची; वर विळा घेऊन बांधावरचं गवतही कापून आणायची. त्या कोवळ्या गवतानं चंद्रीचं दूध वाढलं. त्यातलं तांब्याभर रोज माझ्यासाठी यायचं, आणि मी पिईपर्यंत ती समोरून हलायची नाही.

असं चाललं होतं. किती छान चाललं होतं — पण मी पुन्हा टाळतोय.

एका बंगल्यावर कापणी आटोपली आणि माळी म्हणाला, मुळं खाणारी हुमणीची अळी लागलीय म्हणून कालच औषध मारलंय, हे गवत जनावराला घालू नका. औषधाचा डबा भिंतीला टेकवलेला होता. नाव मी वाचलं. पोती वाटेत कुठंतरी ओतून टाकायची, असं ठरवूनच निघालो. तेवढ्यात फोन आला. एका मोठ्या हॉस्पिटलचं सगळं आवार मला मिळालं होतं. त्या आनंदात घरी पोचलो, घरात शिरून बायकोला सांगत बसलो. बाहेर आत्तीनं रोजच्यासारखी पोती ओढून नेली.

हा विसर होता. विसराचा कबुलीजबाब देत नाही मी. पुढचं ऐका.

सकाळी चंद्री थरथरत होती. तोंडातून लाळ गळत होती, उभं राहवत नव्हतं. जनावरांचे डॉक्टर आले, म्हणाले, काहीतरी विषारी पोटात गेलंय. कुठलं औषध ते कळलं, तर त्याप्रमाणे इंजेक्शन देता येईल. आत्ती कपाळावर हात मारून खाली बसली. "मीच आणलं वो, सायेब. काल पल्याडच्या बांधावरचं. त्येंनी उसाला औषध मारलेलं मला ध्यानात कसं आलं न्हाई?"

पल्याडच्या रानात कुणीतरी पळत गेलं. तणनाशक होतं, असं विचारून आलं. डॉक्टरांनी त्या हिशोबानं उपचार केले.

आणि मी? मी खांबाला टेकून उभा होतो. पोती पाहताक्षणी मला सगळं आठवलं होतं. डब्यावरचं नाव जिभेवर होतं. नुसतं ते नाव उच्चारायचं होतं. पण गोठ्यासमोर गाव गोळा झालं होतं, पारावरचे तेही होते — आणि मिल्ट्रीवाल्याच्या गवतानं म्हैस मारली, हे त्यांच्या तोंडून ऐकायची माझी छाती नव्हती. सीमेवर रात्री काढलेला माणूस मी. डॉक्टरांनी माझ्याकडं बघून विचारलं, "आणखी काही खाल्लंय का हिनं?" मी मान हलवली. नाही म्हणून.

दुपारी चंद्री गेली. नाव सांगितलं असतं, तर वाचली असती का? माहीत नाही. ते माहीत नाही, याच्या आडोशाला मी फार वर्षं बसलो. तिथंही बसवत नाही आता.

आत्तीनं पुन्हा जनावर पाळलं नाही. मी दुसरी म्हैस आणून देतो म्हणालो, तर माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "नगं रं, लेकरा. माझ्या हाताला यश न्हाई." विळा तिनं आढ्याला खोचला, तो अजून तिथंच आहे. मी दोन शब्द बोललो असतो, तर तो खाली आला असता. फार माया आहे हो माझी तिच्यावर. त्या मायेनं काय केलं, ते मात्र तुम्ही ऐकलंत.

आता माझ्याकडं चार मशीनं आहेत. कापलेलं गवत आम्ही खड्ड्यात टाकतो. आत्ती थकलीय, पण संध्याकाळी मी आलो की चहा तीच करते. काल शेजारची नवी सून गोठ्याकडं वैरण घेऊन चालली होती. आत्तीनं तिला हाक मारून थांबवलं. "कुठनं आणलंयस ते आदी बग, बाई. माझ्यागत करू नगंस. मी माझ्या हातानं मारली माझी चंद्री."

मी तिथंच बसलो होतो, तिच्या शेजारी. तिनं कप माझ्या हातात दिला आणि नेहमीसारखं म्हणाली, "पिशवीच्या दुधाला चव न्हाई बग."

"नाही," मी म्हणालो, आणि चहा पिऊन टाकला.