येणाऱ्या मॉडेलसंबंधी चर्चा झाली

हैदराबादेत कोठीजवळच्या एका मराठी ग्रंथालयात मी ग्रंथपाल आहे आणि कार्यकारिणीच्या बैठकांचं इतिवृत्तही मीच लिहिते. ग्रंथपालाला आमच्याकडे काडीचा अधिकार नाही. इतिवृत्त लिहिणाऱ्याला मात्र असतो, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

ती दोन वर्षं आमची कार्यकारिणी एका कॅमेऱ्याची वाट पाहत होती. परदेशातल्या एका जुन्या सभासदानं देणगी पाठवली होती. हस्तलिखित अंक कसर खाऊन टाकायच्या आत त्यांचे फोटो काढून ठेवा, एवढीच त्याची विनंती. जामबागेतल्या शाळेची मुलं पूर्वी दरवर्षी एक अंक हातानं लिहीत, चित्रं काढीत, बांधून घेत. असे एकवीस अंक आमच्या कपाटात आहेत. त्यांतल्या तीन अंकांवर संपादक म्हणून आमच्या अध्यक्षांच्या वडिलांचं नाव आहे. अक्षर माझ्या वडिलांचं आहे. नांदेडकडून आलेला वसतिगृहातला मुलगा, अक्षर मोत्यासारखं, म्हणून सगळ्यांचे लेख त्याच्याकडून उतरवून घेत. त्याचा स्वतःचा लेख त्या तीन अंकांत मिळून एक. चार पानांचा. वडिलांच्या स्वतःच्या शब्दांतलं एवढंच माझ्या माहितीत शिल्लक आहे.

खजिनदार हिमायतनगरचे, निवृत्त इंजिनियर. त्यांनी काढलेला एकही फोटो मी पाहिलेला नाही, पण अजून जन्माला न आलेल्या कॅमेऱ्यांची त्यांच्याइतकी माहिती अख्ख्या हैदराबादेत कुणाला नसेल. रोज सकाळी ते अफवांच्या वेबसाइटी वाचत आणि बैठकीत त्यांचं पारायण करीत.

"कंपन्यांनी डीएसएलआर कॅमेरे सोडले, सगळं बिनआरशाचं, मिररलेस झालं म्हणतात ना? वो सब ऊपर ऊपर की बातां. एक शेवटचं प्रोफेशनल मॉडेल येणार. सेन्सर नवा, अंधारातही फोटोत दाणे नाहीत, सेकंदाला वीस फोटो!"

ज्या पानांत उलटायचीही ताकद उरली नव्हती, त्यांचे सेकंदाला वीस फोटो कशाला, हे मी विचारलं.

"बाई, तुम्हाला टेक्निकल कळत नाही."

"कधी येणार ते?"

"आता यायलाच पाहिजे."

"आज घेतला आणि पुढच्या महिन्यात नवा आला तर लोक हसतील," अध्यक्ष म्हणत. ते वकील. पुढची तारीख मिळाली की त्यांना खटला जिंकल्यासारखंच वाटे. मी लिहून घेई : येणाऱ्या मॉडेलसंबंधी चर्चा झाली. विषय पुढील बैठकीत घ्यावा.

शेवटी मी माझा स्वतःचा डीएसएलआर आणला. बारा वर्षांचा, कडा झिजलेला. म्हटलं, गच्चीवर सावलीत मीच काढते, नवा आला की पुन्हा काढू. खजिनदारांनी तो दोन बोटांनी उचलला, शेजाऱ्याच्या घरातून आलेली कालची भाजी असावी तसा. "नक्को बाई. ह्याचा सेन्सर म्हणजे संस्थेची शोभा होईल." लगेच ठराव क्रमांक चार झाला : सर्वोत्तम कॅमेरा येईपर्यंत हस्तलिखितांस कोणीही हात लावू नये. कसरीला त्याची प्रत पाठवायची राहून गेली.

त्या रात्री मी इतिवृत्त लिहिलं. पहिल्यांदाच पूर्ण लिहिलं. नव्या सेन्सरबद्दल कोण काय म्हणालं, ते आणि ठराव क्रमांक चार, शब्दशः. त्याखाली, दोन वर्षांत कोणत्या अंकाची किती पानं गेली, पृष्ठक्रमांकांसह.

पुढच्या बैठकीत पहिला विषय नेहमीचाच : मागील इतिवृत्त वाचून कायम करणे. मी उभी राहिले आणि वाचलं. "खजिनदार म्हणाले, मॉडेल यायलाच पाहिजे. दरम्यान अंक सातवा, पृष्ठ अकरा ते सोळा नष्ट." असं पाऊण पान झाल्यावर अध्यक्षांनी हात वर केला.

"बाई, हे काय लिहिलंत?"

"झालं ते लिहिलं, साहेब."

"असं कधी लिहितात का? देणगीदार उद्या वाचेल."

"वाचू दे."

"आम्ही हे कायम करणार नाही. हे इतिवृत्त रद्द समजा."

"पूर्ण रद्द?"

"पूर्ण!" नऊ माणसांसमोर त्यांनी टेबलावर हात आपटला.

"मग त्यातला ठराव क्रमांक चारही गेला," मी म्हटलं आणि पर्समधून कपाटाची किल्ली काढली.

अध्यक्षांना कायदा कळत होता. आपणच काय करून बसलो, हे त्यांना सगळ्यांत आधी उमगलं. "बाई, हे बरं नाही," ते हळूच म्हणाले.

"कायद्यानं चूक असेल तर तसं सांगा, साहेब. बरं नसलेलं बरंच काही मी दोन वर्षं लिहून घेतलंय."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मी दारापर्यंत पोचले तेव्हा मागून खजिनदारांचा आवाज आला, "कमीत कमी रॉ फाइलमध्ये तरी काढा, क्वालिटी राहील!"

गच्चीवर पाण्याच्या टाकीची सावली पडली होती. मी सगळ्यांत आधी वडिलांचा लेख उघडला. चारांतली दोन पानं जाळी झाली होती, आणि भोकांतून मागच्या पानावरची, दुसऱ्याच कुणाची वाक्यं डोकावत होती. मी मध्ये काळा कागद सरकवला. गेलं ते गेलेलंच दिसायला हवं होतं. मग माझा जुना कॅमेरा डोळ्याला लावला आणि भोकांसकट फोटो काढला.