नैसर्गिक वाढ

कायद्याच्या भाषेत कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला ‘नैसर्गिक वाढ’ म्हणतात. पहिलं झालं, दुसरं झालं, की तिसरं आपोआप यावं, असा त्याचा अर्थ कुणालाही वाटेल. पण आपल्याकडे काकडी सोडली तर कुठलीच वाढ परवानगीशिवाय होत नाही. विद्यापीठाची समिती येते, प्रयोगशाळा स्वतःच्या डोळ्यांनी बघते, अहवाल देते, आणि मग शासन हो म्हणतं. वडगावच्या आमच्या लहानशा कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते आणि कायद्यानं नेमायला लावलेल्या महाविद्यालय विकास समितीवर शिक्षकांतर्फे बसते. ‘बसते’ हे मुद्दाम म्हटलं, कारण तिथे दुसरं फारसं काही करता येत नाही.

विद्यापीठाचे लोक येणार असं कळल्यावर विकास समितीची बैठक लागली. विषय सत्कार. संस्थेच्या अध्यक्षांना अख्खा तालुका भाऊ म्हणतो. पाहुण्याला फेटा बांधला की त्याचं डोकं आपल्या ताब्यात येतं, यावर भाऊंचा ठाम विश्वास. फेटे कुठल्या रंगाचे, इंद्रायणी भात कुणाच्या घरचा, चिक्की लोणावळ्यातल्या कुठल्या दुकानाची, यावर घनघोर चर्चा झाली. मी प्रयोगशाळेतल्या गळक्या नळाचं काढलं, तर भाऊ म्हणाले, मॅडम, नळ कोण बघतंय. माणूस जवळजवळ द्रष्टा होता, हे मला नंतर कळलं.

माझा जीव मात्र एका मुलीत अडकला होता. ती आंदर मावळातली, दुसऱ्या वर्षाला. एसटी चुकली तर अर्धी वाट चालून, अर्धी दुधाच्या टेम्पोतून यायची, पण प्रॅक्टिकल चुकवायची नाही. तिसरं वर्ष इथे मिळालं नाही तर तिला पुण्याला जावं लागणार होतं, आणि पुण्याला पाठवणार नाही, असं तिच्या वडिलांनी आधीच सांगून टाकलं होतं. मुळशीकडचं एक स्थळही हेरून ठेवलं होतं. माणूस वाईट नव्हता. वडगावला कॉलेज हाय तवर शिक, न्हाई तर लगीन, एवढाच त्यांचा हिशेब. म्हणजे तिचं लग्न लांबवणं आता कायद्याच्या एका कलमाच्या हातात होतं. मला त्या कलमाचा मनापासून राग यायचा.

विद्यापीठाची समिती आली. ताशा वाजला, फेटे बांधले गेले, शाली पांघरल्या गेल्या, नारळ दिले गेले, आणि प्रत्येकाबद्दल चार चांगले शब्द बोलायला आमच्यातला प्रत्येक जण उठला. मग भाऊंनी जाहीर केलं की एवढी विद्वान मंडळी मावळात येऊन बेडशाची लेणी न बघता गेली तर आम्हाला पाप लागेल. मंडळी फेट्यांसकट पायऱ्या चढली. परत आली ती गुडघे चोळत. मग जेवण. जेवण मावळातलं, म्हणजे पाहुणा नको म्हणेल तेवढं जास्त वाढायचं. इकडे सकाळपासून मुली अ‍ॅप्रन घालून प्रयोगशाळेत उभ्या होत्या. मी दोनदा जाऊन समितीला आठवण करून दिली, आणि दोन्ही वेळा माझ्या हातात विड्याचं पान ठेवण्यात आलं.

शेवटी समितीचे अध्यक्ष, केस पिकलेले एक प्राध्यापक, घड्याळ बघत गाडीकडे निघाले. प्रयोगशाळेचे फोटो फाइलीत आहेतच की, असं त्यांच्यातला एक जण म्हणाला. प्रत्यक्ष पाहणी झाली नाही, असं यांच्यातल्याच कुणी अहवालात लिहिलं असतं, तर सगळा खेळ खलास. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

तेवढ्यात ती मुलगी अ‍ॅप्रनवरच बाहेर आली आणि थेट भाऊंसमोर उभी राहिली.

“भाऊ, पोरींच्या वतीनं सत्कार ऱ्हायलाय. लॅबमधी समदी तयारी हाय.”

तयारी कसली, डोंबलाची. पण सत्कार राहिला, असं चारचौघांत कानावर पडल्यावर मावळातला माणूस पुढे पाऊल टाकूच शकत नाही. भाऊंनी समितीला अक्षरशः हाताला धरून मागे वळवलं. गाडीत ठेवलेल्या नारळांतला एक मुलीनं ड्रायव्हरकडून परत मागून घेतला आणि पळत पुढे गेली. प्रयोगशाळेच्या दारात समितीच्या अध्यक्षांना त्यांचाच नारळ दुसऱ्यांदा मिळाला. मग तिनं त्यांना ब्युरेटपुढे, म्हणजे तोटी लावलेल्या काचेच्या नळीपुढे, नेलं आणि शेवटचा थेंब सरांच्या हातनं पडावा, अशी विनंती केली.

खाली पारदर्शक द्रावण. एका थेंबानं फिकट गुलाबी व्हायला हवं. अध्यक्ष स्वतः रसायनशास्त्राचे, पण बरीच वर्षं खुर्चीत बसलेले. तोटी जरा जास्त फिरली आणि फ्लास्कात भडक गुलाबी रंग उमटला. अध्यक्षांनी फेटा काढून टेबलावर ठेवला, बाह्या दुमडल्या आणि म्हणाले, “दुसरा फ्लास्क द्या.”

दुसराही गडद झाला. तिसऱ्याला बरोबर रंग आला, तेव्हा ते मुलांसारखे खूश झाले. मग त्यांनी रसायनं बघितली, वजनकाटा बघितला, मुलींना भरपूर प्रश्न विचारले. गळका नळही बघितला आणि दुरुस्त करा म्हणाले. भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू तो नळ माझ्या माहेरचा.

ते गेल्यावर ती ब्युरेट धूत होती. मी तिचं कौतुक केलं. तिनं मान वर केली नाही.

“मॅडम, आयतवारी आमच्या घरी बी समिती यायचीय. पोहे खाणार, मला बगणार, जाणार. त्यांना कुटली लॅब दाकवू?”

मी फडकं घेऊन टेबल पुसत राहिले.

रविवारी ते लोक येऊन गेले. त्यांना मुलगी पसंत पडली. वडिलांनी होकार द्यायला सरकारचा निकाल लागेपर्यंत मुदत मागून घेतली, एवढं त्यांनी केलं. मुळशीचे लोक घाई करत होते आणि शासन करत नव्हतं. अखेर एकदाची मंजुरी आली, तेव्हा मी प्राचार्यांच्या दालनातूनच तिच्या वडिलांना फोन लावला. ते बांधावर होते, ती जवळच.

“व्हय का,” ते म्हणाले. “मग त्या पाव्हण्यास्नी नगं म्हनून कळवतो.”

मग फोन तिच्याकडे गेला. मी सांगितलं. ती रडत असावी, कारण मीही रडत होते, आणि प्राचार्य छताकडे बघत होते.

“मॅडम,” ती शेवटी म्हणाली, “तो नळ दुरुस्त केला का?”