उतरताना दूध असतंच

दत्ता गेला त्या सकाळी पोलिसांनी मला एकच प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर मी खोटं दिलं. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही... बायकोलाही नाही. "मिस्त्री, गाडीत काय दोष होता का?" माझं शिराळ्यात गॅरेज आहे, गाडीचं काम मीच केलेलं, म्हणून प्रश्न मला. मी म्हणालो, "न्हाई साहेब, गाडी ओके होती." त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. दत्ता तेव्हा माझ्यापासून दहा पावलांवर चादरीखाली होता.

आम्ही दोघं एकाच डोंगरवाडीचे, एका बाकावरचे. तो मिलिटरीत गेला, मी पाना धरला. हवालदार होऊन परतला तो दारू घेऊनच, पण त्याच्या बायकोनं, सुमन वहिनींनी, माहेरी जायला पिशवी भरली तेव्हा सुटली, आणि सुटली ती सुटलीच. मग त्यानं वाडीवरचं दूध खाली डेअरीत आणायचं काम धरलं. वाडीच्या वाटेवर जीप अर्ध्यातच हात टेकते. म्हणून त्यानं सातारच्या बाजूला, थंड हवेच्या गावात पर्यटकांना फिरवून थकलेली एक जुनी क्वाड बाईक आणली. चार जाड चाकं, मागं कॅन बांधायला जाळी. मागचे शॉकअप, धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा, पार बसलेले. "पुण्या-मुंबईच्या लोकांनी हिचं कंबरडं मोडलंय गड्या," तो म्हणाला, "तू हिला उभी कर."

शॉकअप बघायला आम्ही दोघं सांगलीला गेलो. दुकानदार शांत माणूस. त्यानं दोन जोड काउंटरवर ठेवले. एकाला कडं होतं, ते फिरवून स्प्रिंग नरम-कडक करता यायची. दुसरा नुसता कडक, जड वजनासाठीचा. "बसणाऱ्याचं वजन किती?" त्यानं विचारलं. दत्ता म्हणाला, "बहात्तर. मिल्ट्रीत पासष्ट हुतं. वरचं सात किलो बायकोच्या भाकरीचं." दुकानदार हसला, मग माझ्याकडे वळला. "आणि रिकामी किती चालणार? चढाला वजन मागं येतं, काळजी नाही. पण कडक स्प्रिंग रिकामी असली की उताराला मागनं उडवते. उतरताना रिकामी असते का कधी?"

मी एका क्षणात म्हणालो, "उतरताना दूध असतंच. दोन कॅन, भरलेले." दत्तानं कड्याच्या जोडाला हात लावला, "ह्यो बरा न्हाई का रं?" मी म्हणालो, "रोज पाना घिऊन कड्याशी कोण झटायचं? तुला कळतंय का मला?" त्यानं हात काढून घेतला. "तुलाच कळतंय बाबा. तू म्हनशील ते." कडक जोड घेतला.

अमावस्येला आमच्या वाडीत दूध विकत नाहीत. त्या दिवशीचं दूध वासरांचं. हे मला कुणी सांगायला नको होतं, माझी आई त्या दिवशी धारच काढायची नाही. दर महिन्याला एक दिवस ती गाडी उतारानं रिकामी येणार होती आणि वाडीत जन्मलेला मी, दुकानात उभा राहून ते विसरलो...

पहिल्याच अमावस्येनंतर दत्ता गॅरेजवर आला. वर पेंडीची पोती पोचवून रिकामा उतरला होता. "मागनं लय उडतंय रं. शिटावरनं फेकतंय." मला त्याच क्षणी कळलं. मान वर न करता मी म्हणालो, "नवं हाय, बसंल." दुसऱ्या महिन्यात त्याचा फोन आला. "बदलूया का ते, गड्या?" मी म्हणालो, उसाचे ट्रॅक्टर दारात उभे आहेत, पुढच्या आठवड्यात बघू. माझं चुकलं हे दोन शब्द तेवढे जड गेले. पुढच्या आठवड्यात मी बघितलं नाही. तिसऱ्या अमावस्येला सकाळी नऊच्या सुमारास, पेंड पोचवून रिकामा उतरताना, खडकाच्या वळणावर, गाडी त्याच्या अंगावर उलटली. कॅन घरीच होते.

दहाव्याला घाटावर माणसं बोलत होती. "सुटली म्हणत्यात, पर कुठं सुटती?" "सकाळ सकाळ लावली असंल." मी कावळ्याकडे बघत राहिलो. घरी आल्यावर सुमन वहिनींनी मला बाजूला घेतलं. "भावजी, तुमी तरी खरं सांगा. प्याले हुते का वो ते?" निरोप येताच मी पोलिसांच्या आधी पोचलो होतो, त्याच्या अंगावरनं गाडी मीच उचलली होती, त्याच्या तोंडाशी माझं तोंड होतं. वास नव्हता. पण नाही म्हटलं असतं तर त्यांनी पुढचं विचारलं असतं, मग कशानं? मी म्हणालो, "मला काय म्हाईत, वैनी." पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या आत गेल्या. त्या दिवसापासून त्या आपल्या मेलेल्या नवऱ्याला खोटारडा समजून जगताहेत, आणि ते मी केलं आहे.

परवा त्यांचा फोन आला. खालच्या वाडीचा एक जण गाडी घ्यायला तयार आहे, दुधालाच. "चांगली हाय न्हवं, भावजी?" मी संध्याकाळी जाऊन ते शॉकअप काढले. वहिनी चहा घेऊन आल्या, तेव्हाही मी नुसता चहा घेतला.

दत्ता प्यायला नव्हता. दोष गाडीत होता आणि तो मी बसवला होता. इथं लिहिलं म्हणजे सांगून झालं, असं नाही. हे वहिनींना त्यांच्या समोर बसून सांगायचं आहे, आणि पोलिसांत जाऊन माझा जबाब बदलायचा आहे. ही दोन्ही देणी अजून माझ्यावर आहेत.