हळदीचा घोडेस्वार

बाबांच्या बँकेने आम्हाला कलकत्त्याला, बागबाजारात आणून टाकलं तेव्हा मी दहा वर्षांची. घरामागे विटांचं एक पडकं, चिमुकलं देऊळ होतं. छप्पर नाही, मूर्ती नाही. भिंतीत मात्र भाजक्या मातीची चित्रं जडवलेली. त्यांतलं एक घोडेस्वाराचं. आईने पाहिलं आणि हातच जोडले. "अगं बाई, हा तर आपला खंडोबा!" झालं! दर रविवारी त्याला हळद.

शेजारचे निवृत्त मास्तर कपाळाला हात लावत. देऊळ सरकारने संरक्षित करावं म्हणून बिचारे वर्षानुवर्षं अर्ज खरडत होते. जागेच्या मालकाला ते पाडून गोदाम बांधायचं होतं.

"बौदी, हा खंडोबा नाही, बर्गी आहे!" मास्तर आपल्या हिंदीत ओरडत; बौदी म्हणजे वहिनी. "बंगाल लुटायला आलेला तुमचा मराठा स्वार! ह्यांच्या धास्तीने तर आम्ही इथे खंदक खणला!"

आई कसली ऐकतेय! "मग तर घरचाच माणूस," म्हणाली आणि आणखी एक चिमूट वाहिली. मला हसू आवरेना.

अखेर सरकारी साहेब पाहणीला यायचे ठरले. त्याच सकाळी मास्तर आमच्या दारात उभे. चोरांनी चित्रं उचकटून नेली होती.

"चित्रंच नाहीत, तर साहेब काय विटांचा ढीग वाचवणार? संपलं, बौदी."

एवढा मोठा माणूस रडताना मी पहिल्यांदाच पाहिला. मलाही रडू फुटलं.

आई अनवाणीच धावली, आम्ही मागे. भिंतभर नुसती चौकोनी भोकं, आणि मधोमध पिवळाधमक घोडेस्वार, जसाच्या तसा! जागता देव समजून चोरांनी त्याला हात लावला नव्हता. साहेबांनी आल्यावर मऊ ब्रशने हळद झाडली. मिशा, पागोटं, भाला, सगळं शाबूत. "एवढं एक पुरे आहे," ते म्हणाले. मास्तरांनी भर गल्लीत आईला हात जोडले. आई लाजून चूर.

काही महिन्यांनी निळी सरकारी पाटी लागली. हात लावू नये, काही फासू नये, दंड होईल. त्या रविवारी आई हळदीची पुडी पदराआड धरून हिरमुसली उभी. मास्तर तिथेच खुर्ची टाकून राखणीला बसलेले. त्यांनी चष्मा चढवला आणि आमच्याकडे पाठ केली.

"बौदी, मी जरा ही पाटी वाचतोय," ते म्हणाले. "बरीच लांबलचक आहे."